माणसांचं क्रियापद

आमच्या लिथुआनियन बोलीत गाय दगावते.
कुत्रं, कोंबडी, तीही दगावतात.
मरतं ते फक्त माणूस.
आणि मधमाशी.
कुणी ठरवलं कोण जाणे, कुठल्या हिवाळ्यात,
पण शाळेतल्या बाई
ही एक चूक कधी माफ करायच्या नाहीत.

ऑक्टोबरात विगिन्तसने मला तीन मधपेट्या दिल्या.
"असू देत तुझ्याकडे, एलिगिया. मला आता काय करायच्यात."
मी हातगाडीवर चढवल्या, आभार मानले,
वर बटाट्यांचं अर्धं पोतं पाठवून दिलं,
फिटंफाट व्हावी म्हणून.
पुढच्या आठवड्यात शिडी पोस्टमनला.
मग कुत्री, मार्गे.
ती माझ्या पायरीवर रात्रभर बसून राहिली
त्याच्या घराकडे तोंड करून.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला.
पोटात गोळा आला तो त्यानंतर.

नवऱ्याचे गमबूट घालून गेले. बर्फ नव्हतं अजून,
नुसता चिखल, वर पातळ काच.
स्वयंपाकघरात तो दिवा न लावता बसलेला.
टेबलावर पाव, कापलेला, वाळलेला.
वाटेत मी कितीतरी वाक्यं जुळवली होती:
सगळं ठीक होईल, मुलीचा विचार कर, देव आहे वर.
एकही जिभेवर टिकेना.
रुताच्या घरी आम्ही सगळ्या हेच बोललो होतो
तिचा भाऊ गेल्यावर,
म्हणजे उशिरा.

मी विचारलं,
"विगिन्तस, मरायचं आहे का तुझ्या मनात?"
माणसांचं क्रियापद वापरून.

फ्रिज घरघरला, थांबला.
वाटलं, मीच तर नाही ना घातलं त्याच्या डोक्यात?
मग तो म्हणाला, "हो."
आणि श्वास सोडला,
पाठीवरचं पोतं कुणी दारातच उतरवून घ्यावं तसा.

मला पुढचं काही येत नव्हतं.
बटाटे उकडले. करपवले.
कोठाराची किल्ली त्यानेच काढून माझ्या खिशात टाकली.
मी कशाला विचारलं नाही, परतही दिली नाही.
हेल्पलाइनला फोन लावला, स्पीकरवर.
आधी नुसतं संगीत, लिफ्टमधल्यासारखं;
दोघंही फोनकडे बघत बसलो.
मग एक मुलगी, आवाजावरून विशीतली.
तिने घाई केली नाही.
तो बायकोबद्दल बोलला, लंडनमधल्या लेकीबद्दल,
मग झोपेबद्दल, जी सप्टेंबरपासून आली नव्हती.
मी भट्टीत लाकडं सारत राहिले.
बाकावरच आडवी झाले, गमबूट न काढता.
सकाळच्या बसने उतेना. डॉक्टरीणबाईंच्या दाराबाहेर
दीड तास, एकाच थर्मासातला चहा.

असं सांगितलं की वाटतं तिथेच संपलं.
डिसेंबरात तो माझ्याशी अकरा दिवस बोलला नाही.
गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं म्हणून शिव्या मला.
मलाही जिवावर यायचं जायला, खोटं कशाला बोलू.
मग मंगळवार पोस्टमनला दिले, शुक्रवार रुताला.

जानेवारीत मधपेटी उघडायची नसते, थंडी आत शिरते.
बोटाच्या पेराने ठोकायचं, लाकडाला कान लावायचा.
आतून गुणगुण उठली तर आहेत.
नाही उठली तर जरा थांबून
पुन्हा ठोकायचं.

एप्रिलमध्ये दोन पेट्या जगलेल्या निघाल्या, एक मेली.
तो आला. एक उचलून हातगाडीवर ठेवली,
दुसरीकडे बघत म्हणाला, "ही राहू दे तुझ्याकडे."

मी हातातली बादली खाली ठेवली.
पुन्हा विचारलं. तेच. त्याच क्रियापदात.

तो कितीतरी वेळ माझ्याकडे बघत राहिला.
"आज नाही गं," म्हणाला.
"कंबर धरलीय. ही उद्या नेतो."

मी म्हटलं, "किती वाजता?"