एंड कॅप

तेहतीस वर्षं लोकांच्या केळीत वाकून
मी ड्रिपर उघडले.
अडावद, धानोरा, पार चोपड्याच्या वेशीपर्यंत
कुठल्या बोअरचं पाणी किती खारं,
कुणाच्या लॅटरलमध्ये पांढरा थर किती,
मला झोपेत विचारा.
पायाचं मात्र कुणी विचारलं नाही,
मीही नाही.

आधी पोटरी धरायची.
शंभर पावलांवर थांबायचो
आणि विडी पेटवायचो, म्हणजे थांबलो ते विडीसाठी.
मग अंगठ्याशेजारचं बोट निळं पडलं, मग काळं.
रात्री पाय खाटेखाली लोंबता ठेवला
की जरा बरं.

गावातल्या डॉक्टरनं गुडघ्याखाली
बोटानं एक रेघ ओढली.
अठ्ठ्याऐंशी साली दगडूकाकाला ओढली होती, तीच.
त्याच्या कुबडीचं रबर
अजून माळ्यावर पडलंय.
सुपडाबाई म्हणाली, "पहिले जळगावले दखाडू."
एवढंच. पिशवी भरायला लागली.

खोली माघातल्या पहाटेसारखी गार.
शिशाचे झगे घातलेली माणसं,
त्यांत एक तडवी डॉक्टरीण, यावलकडची,
मास्कच्या वर नुसते डोळे.
जांघेत बधिर करायची सुई,
मग मसुराएवढं भोक,
त्यातून तार आत.
मी कात्री शोधत होतो नजरेनं.
कात्री नव्हतीच कुठे.

"गरम लागी आबा, घाबरू नका,"
काचेपलीकडून बाविस्कर म्हणाला.
उन्हात पडलेल्या काळ्या नळीतलं पहिलं पाणी
कसं कढत येतं?
तसं काहीतरी मांडीतून उतरलं
आणि पडद्यावर माझा पाय उमटला.
हाडं पुसलेली. नुसत्या नळ्या.

सबमेन ठीक होती.
गुडघ्याच्या वर वीतभर अंतरावर
धार तुटलेली.
"इथे बसलाय क्षार," मी म्हणालो.
डोळे हसले. "हो बाबा, इथेच."

पण मी पाहत होतो ते वेगळंच.
तुटल्या जागेच्या दोन्ही अंगांनी
केसासारख्या बारीक, वाकड्यातिकड्या रेघा,
वळसा घालून खाली उतरलेल्या.
या कुणी टाकल्या?
"तुमच्याच शरीरानं," ती म्हणाली,
"मोठी वाट बंद होत गेली, तसे बारके पाट काढले त्यानं."
मी विड्या ओढत होतो तेव्हा
हा रात्रंदिवस आत चर खणत होता.
मजुरी नाही, बोलाचाली नाही.
मला लाज वाटली. मोठ्यानं नाही म्हटलं.

तार अडली, फिरली, परत मागे आली.
दुसरी तार. तिसरी.
घामेजली असेल ती, शिसं जड असतं.
मग एकदाची पार झाली
आणि तिच्यावरून चढवलेला फुगा
आतल्या आत फुगला.
दुखलं. आकडे मोजले. सत्तरनंतर चुकलो.
परत कढत पाणी,
आणि यावेळी धार सरळ
घोट्यापर्यंत, तळव्यापर्यंत.
मी टाळी वाजवणार होतो, हात बांधलेले.

फ्लश मारला की आम्ही फिल्टरजवळ उभे राहत नाही.
शेताच्या टोकाला जातो,
एंड कॅप काढतो, आणि वाट बघतो
गढूळ येईल, मग नितळ.
ती पण झगा उतरवून
थेट माझ्या पायाच्या टोकाशी गेली.
दोन बोटं ठेवली, डोळे मिटले.
बोलली नाही काही. मान हलवली.

काळं बोट काही वाचलं नाही.
बेस्तरवारी काढलं.
ते मी मागितलं पाहायला; कुणी दिलं नाही.

त्या आधीचे सहा तास मात्र
जांघेवर वाळूची पिशवी, पाय सरळ,
लघवी पण आडव्यानंच.
बिलाचा कागद उशीखाली.
सुपडाबाई आत आली, चादर वर केली,
एवढ्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या पायाला हात लावला
तो पाया पडायला नव्हे.
तळवा तळव्यावर ठेवला, ठेवूनच राहिली.

"उनउन शे," ती म्हणाली,
भाकरीबद्दल म्हणावं तसं.