धारेची वेळ

बोटं माझीच, पण सकाळी
ती माझ्या हुकमात नसतात.
सुभाषनगरात वेणी घालणाऱ्या बायकांत
एके काळी माझा हात सगळ्यांत चपळ.
चार वाद्या, डावीवरनं उजवी, खालनं वर,
बोलता बोलता पायतानाचा पट्टा पुरा.
आता केसाची पिनसुद्धा सून लावून देते.

सीपीआरच्या लायनीत अडीच तास.
डॉक्टरीणबाई नवी, अकोल्याकडची.
उठताना म्हटलं, ‘येतो मी’,
तर हसली. तिच्याकडं बायका ‘येते’ म्हणतात.
चिठ्ठीवर बारकी पांढरी गोळी:
सकाळी, पोटात काहीतरी घालून,
आणि मनानं बंद करायची नाही.

चिठ्ठी वाचून भाचा म्हणाला,
‘आत्ती, आमच्या तालमीत हे घेतलं
तर वस्ताद हाकलून काढतोय.’
म्हटलं, काढू दे की,
कधीपास्नं वाट बघतोय मी.

आठला घेतली, चहा-बटर खाऊन.
बोटं उघडली अकराला.
तोवर मालकाचा पोरगा दारात येऊन
कालचे अर्धे जोड मोजून,
काही न बोलता गेलेला.

मग माझी मीच शहाणी झालो.
रात्री घेतली, भाकरीवर.
उजाडेपर्यंत बोटं तयार होतील, असा हिशेब.
बोटं झाली तयार. डोळेपण.
एकला वरचे पत्रे मोजले,
दोनला डबे घासले,
तीनला नवऱ्याच्या फोटोशी भांडलो,
त्यानं १९९८ साली विकलेल्या शिलाई मशीनवरनं.
साडेचारला मागच्या गल्लीत
इराप्पा गवळ्याच्या गोठ्यात दिवा लागला.

‘झोप न्हाई व्हय मावशी?’
सांगितलं सगळं. कासेला पाणी मारत तो म्हणाला,
‘म्हशीला तरी कुठं कवाबी चालतंय?
धार पाचची म्हंजे पाचची.
येळ चुकली की चोरून धरती.’

आणि मला बापाची रापी आठवली.
रेडकू मेलं की गवळी त्याचं कातडं घेऊन यायचे.
बाप त्यात पेंढा भरायचा, पोटाशी टाके घालायचा,
डोळ्यांच्या जागी काहीच नाही.
ते म्हशीच्या तोंडाशी ठेवायचं.
ती चाटायची, चाटत राहायची,
आणि पान्हा सोडायची.
लहानपणी मला वाटायचं, तिला कळत नाही.
आता वाटतं, कळत असेल.

डॉक्टरीणबाई आधी रागावली.
मग केसपेपरच्या पाठीवर तिनं रेघ काढली,
रात्री खाली पडलेली, पहाटे चढत जाणारी:
‘अंग स्वतःचं औषध पहाटे तयार करतं.
रात्रीच बाहेरचं दिलंत
तर त्याला वाटतं, आपली गरज नाही.’
मी म्हटलं, पेंढ्याचं रेडकू.
तिला काही कळलं नाही.
मग रेघ जिथं चढत होती तिथं बोट ठेवून
विचारलं, ‘आणि इथं घेतली तर? पाचला? दुधावर?’
तिनं माझ्या बोटाकडं बघितलं,
सरळ होत नव्हतं ते.
‘चालेल. पण दूध उकळून. कच्चं अजिबात नाही.’

एवढंच एक जिवावर आलं.
गंगावेशीच्या कट्ट्यावरचं, उभ्यानं प्यायचं,
ओठाला फेस लागणारं धारोष्ण दूध:
ते गेलं ते गेलंच.

आता पावणेपाचला उठायचं,
इराप्पाकडनं तांब्या आणायचा,
वर येईस्तोवर दुधाशी उभं राहायचं,
गोळी गिळायची आणि परत आडवं व्हायचं.
कधी झोप लागते, कधी नुसतंच पडून
गोठ्यातल्या बादल्यांचा आवाज ऐकायचा.
आठला पहिली वादी हातात येते.
रोज नाही. थंडीत तर नाहीच.

मागच्या महिन्यात तिनं गोळी अर्धी केली.
ती तोडायला नखात जोर नव्हता, सून तोडायची.
परवा ती माहेरी गेलेली.
मी बापाची रापी काढली,
पाटावर गोळी ठेवली, पातं टेकवलं,
कातड्यावर टेकवतात तसं.
एक तुकडा दुधाबरोबर गेला.
दुसरा उडाला कुठंतरी,
आणि मी पाच वाजता, दिवा घेऊन,
गुडघ्यावर बसून तो शोधत होतो.
गुडघ्यावर. मला नंतर लक्षात आलं.