कूलर चालू कर

फोनवर तारीख चुकीची आहे.
पुतणी म्हणते, काकू, मागच्याच वर्षीचं गाणं आहे हे, बघा नं.
बाई, तेव्हा तुझी आई शाळेत होती.

गोळीबार चौकाच्या मागं, मागाच्या जुन्या खोलीत
भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले.
मे महिना, सेहेचाळीस डिग्री,
आणि वेणू पराते गात होती
‘कूलर चालू कर, राजा, कूलर चालू कर’,
खोलीतला कूलर बंद ठेवून.
माइकमध्ये त्याची घरघर यायची.
पाय पाण्याच्या बादलीत सोडून उभी होती ती.
माझं काम एवढंच: धृपदानंतर एक ‘हेऽ’.
बादलीकडे पाहून मला हसू फुटलं.
कॅसिओवरचा नंदनवार म्हणाला, राहू दे बे, हेच ठेवू.
वीस रुपये मिळाले, वर एक बर्फाचा गोळा.

पाचशे कॅसेटी, इतवारीतून.
कव्हरवर कुठल्याशा कॅलेंडरातली बाई,
नाव छापलं ‘रेणू’.
वेणू म्हणाली, एका अक्षरानं का होते?
आवाज तं माहाच हाय नं.

मग गाणं तिला न विचारता हिंडू लागलं.
छिंदवाड्याला जाऊन हिंदी झालं,
ढोलक चिकटवून परत आलं.
बर्डीच्या फुटपाथवर दहाच्या सीडीत
एकशे अकरांतलं त्र्याऐंशीवं.
एका दिवाळीत रिंगटोन,
‘कूलर चा’वर तुटणारी.
बँकेत कुणाच्या तरी खिशात वाजली.
वेणू पासबुक घेऊन रांगेत. वळलीसुद्धा नाही.
धुमालवाल्यांनी शब्दच टाकले,
मारबतीच्या गर्दीत, जागनाथ बुधवारीत,
गाडीभर भोंग्यांतून नुसती चाल.
तेव्हा मात्र नाचली.
दोनदा खाली बसली, दम घेतला,
पुन्हा नाचली.

ही शेवटची आवृत्ती तिनं ऐकली नाही.
कुणा पोरानं तिचा आवाजच काढलाय.
खाली लिहिलंय, मूळ ध्वनिमुद्रणात घरघर होती.

घरघर?
कूलर तर बंद होता.
शेजारचे मागही दुपारचे थांबलेले.
सूत, धूळ, तिची छाती...
तेव्हापासूनच होती म्हणजे.

आता उरलाय फक्त माझा ‘हेऽ’,
पुन्हा पुन्हा, ठोक्यावर.
फुटाळ्यावर पुतणी आणि तिच्या मैत्रिणी
त्याच्यावर उड्या मारतात.
काकू, ही बाई हसते कशाला?

मी म्हणते, बादली होती तिथं.
ती म्हणते, कुठं?
आणि आवाज वाढवते.