तीस मायक्रॉन

भाडळेशेठ म्हणाले, चल कुसाळकर, तुला दगडातलं कळतं,
आणि मी गेलो सेनापती बापट रस्त्यावरच्या हॉटेलात
कामाच्याच शर्टावर, नखांत कार्बोरंडमची पूड.

समोर बोट्सवानाचा निळा झेंडा, मधोमध काळी पट्टी,
आणि मोलेफे नावाच्या बाई, चष्मा कपाळावर,
देश कसा आहे ते सांगत होत्या.
निवडणुका वेळेवर. कोर्ट चालू. खात्यात फाइल हरवत नाही.
पडद्यावर प्रत्येक चित्राखाली एकच शब्द: स्थिर.
आमच्या चलनाला पुला म्हणतात, म्हणजे पाऊस,
असं त्या म्हणाल्या तेव्हा मागून कुणीतरी पुटपुटलं,
आमच्याकडे पावसात पूलच जातो.
ती रांग हसली. बाईही हसल्या, न कळता.

एकतीस वर्षं मी दगडाचे काप करतो.
आधी कॉलेजच्या प्रयोगशाळेत, आता धायरीत, एका गॅरेजमध्ये.
कापायचा, काचेवर चिकटवायचा, घासायचा, पुन्हा घासायचा
तीस मायक्रॉन होईतो. केसाच्या निम्म्याहून पातळ.
तेव्हा कुठे दगडातून उजेड येतो.
एक घासणी जास्त झाली की काचेवर काहीच उरत नाही.

चहाच्या ट्रेमधून नमुने फिरले.
कलहारीच्या वाळूखालून काढलेला दंडगोल, बोटाएवढा, थंड.
शेठनी तो माझ्या मुठीत दाबला. किती टक्के?
मी म्हटलं, कापल्याशिवाय सांगत नाही.

मग शेठनी हात वर केला.
मॅडम, जमीन ठीक. पण गाव? मोर्चा?
इंग्रजीत शब्द सुचेना, मोर्चा मोर्चाच राहिला,
तरी बाईंना कळला.
त्या म्हणाल्या, आधी गावाची बैठक बसते. खोत्ला.
झाडाखाली. ज्यानं त्यानं आपली खुर्ची घरून आणायची.
ज्याला बोलायचंय तो बोलतो, अडखळणाराही.
कधी दोन दिवस लागतात, कधी दोन पावसाळे.
आणि नाही म्हणाले तर?
बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला.
तर पुन्हा बसतो.

एसीचा आवाज ऐकू आला.
शेठ माझ्या कानात: मग हे स्थिर कसलं रे?

वाघोलीला आमची पालं खाणीच्या काठावर होती.
आई खडी फोडायची, अर्धा इंची, पाऊण इंची,
नुसत्या हातानं तिला माप कळायचं.
सुरुंगाच्या आधी शिट्टी व्हायची, तीनदा.
शिट्टी म्हणजेच विचारणं
असं मला पुष्कळ मोठं होईपर्यंत वाटायचं.
शेठचे वडील वाईट नव्हते. दिवाळीला गूळ द्यायचे,
आईचं बोट गेलं तेव्हा रिक्षाचं भाडंही दिलं.
ती टेकडी आता खराडीत उभी आहे, बावीस मजली,
आणि टेकडीच्या जागी पाणी. टँकर भरतात तिथे.
तिला नाव होतं. आई गेल्यावर
ते विचारायला कुणी उरलं नाही.

रात्री धायरीत चकती लावली.
दोन वाजता काप सूक्ष्मदर्शकाखाली.
क्वार्ट्झ करडा, कॅल्साइट फिकट गुलाबी,
आणि मधे काळे ठिपके, ठार काळे.
खालून दिवा लावला की तांब्याचं खनिज असंच दिसतं.
उजेड वरून टाकावा लागतो, मग ते पिवळं उठतं,
नव्या पितळी तांब्यासारखं.

सकाळी शेठचा फोन.
आहे?
आहे.
चांगलं?
चांगलं.
मग तिकिटं काढतो. तुझंपण. दोन दिवस बसावं लागलं तर बसू की,
झाडाखाली तर झाडाखाली. खुर्च्या असतीलच ना?

घरून न्याव्या लागतात, मी म्हटलं.