आंतरप्रवाही

रबाळ्याच्या कंपनीत सव्वीस वर्षं
मी पत्रकांच्या घड्या घालत होतो.
आठ घड्या, मग बाटलीच्या मानेला रबर.
कितीतरी भाषांत तेच ते,
मुंगीएवढ्या अक्षरांत.
एकही वाचलं नाही.
वाचणारा माणूस पुढे कुठेतरी असेल
अशा हिशेबाने पट्टा सरकत राहायचा.

आता कोपरखैरण्याच्या या बैठ्या घरामागे
सिडकोने सोडलेल्या साडेचार फुटांत
माझं एक लिंबाचं झाड आहे,
आणि त्याच्या कोवळ्या पालवीवर नागअळीने
चंदेरी गल्ल्या आखल्यात,
सेक्टरच्या नकाशात न बसणाऱ्या,
वळणावळणाच्या.

बाटली आणली. पिवळा त्रिकोण, ओळखीचा.
या वेळी मात्र घडी उलगडली,
शैलजाच्या सुई ओवायच्या भिंगाखाली धरली.
मिरची, कापूस, लिंबू.
किती औषधाला किती पाणी.
फुलोऱ्यात नको.
शेवटच्या मात्रेनंतर इतके दिवस तोडणी नको.
आणि एक शब्द,
जो मी सव्वीस वर्षं अंगठ्याने दाबून
घडीत बसवत आलो:
आंतरप्रवाही.

म्हणजे ते वर राहत नाही.
मुळं पितात, खोड चढवतं,
शिरेशिरेतून पानाच्या टोकापर्यंत जातं.
अळी झाडाला चावते
तेव्हा झाडच अळीला चावतं.
नळाखाली धरलं
तर धुतलं जातं ते फक्त आपलं मन.

दोन फांद्यांवर फुलं होती.
मधमाश्या पत्रक वाचत नाहीत.
एक अख्खी सकाळ स्टुलावर उभा राहून
मी फुलं खुडली, कळ्यासुद्धा,
आणि लिंबं उतरवली, सुपारीएवढी होती तीही.
बोटांना संध्याकाळपर्यंत तो वास.
शैलजा काही बोलली नाही.
फुलं तिने वाटीत, पाण्यावर ठेवली.

मग हातमोजे, तोंडाला फडकं,
जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट.
माप झाकणाचं, चहाच्या चमच्याचं नाही.
आळ्यात ओतलं.
एक गांडूळ वर आलं.
त्याच्याकडे मी पाहिलं नाही.

राहिला कढीपत्ता. हातभर अंतरावर उभा.
पत्रकात त्याचं नाव नव्हतं
आणि मुळांना हद्द कळत नाही.
भिंतीपलीकडून मढवीवहिनींचा हात
रोज सातच्या सुमाराला येतो,
चार पानं मोडतो, जातो;
गेली चौदा वर्षं त्या हाताला मी
चेहऱ्याहून जास्त ओळखतो.
जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहिलं,
औषध दिले आहे, तोडू नये,
आणि फांदीला टांगलं.
पत्रकातले दिवस मी दुप्पट केले.

"चार पानांसाठी पाटी लावली का, भावजी?"

मी शब्द सांगितला.
त्यांनी तो दोनदा तोंडात घोळवला,
आंतर, प्रवाही,
नव्या सुनेचं माहेरचं आडनाव म्हणून पाहावं तसा.
मग म्हणाल्या,
"म्हणजे झाडाच्या अंगात आलंय म्हणा की.
उतरेपर्यंत लांबूनच हात जोडायचे."
त्यांच्या नातवाला, प्रीतेशला, पानं चघळायची खोड.
त्याला कडेवर घेऊन झाडाकडे बोट दाखवलं:
अंगात आलंय.
तो माझ्या पाटीपेक्षा या दोन शब्दांना जास्त घाबरला.

सव्वीस वर्षं. इतक्या भाषा.
कुणालाच कसं सुचलं नाही?

नवव्या दिवशी तो हात पुन्हा भिंतीवर आला,
या वेळी काही द्यायला.
घणसोलीच्या बाजारातली जुडी,
"तुमचंही अडलं असेल म्हटलं."
हिरवीगार, ओली,
एकही पान कुरतडलेलं नाही.
मी ती उलटीपालटी केली,
देठांपाशी पाहिलं.
रबर होतं.
घडी नव्हती.

आत मोहरी तडतडायला लागली होती.