ठोकायचं नाही

रात्रभर पिन टाकीवर ठेवली होती,
निफाडच्या थंडीत, उघड्यावर,
जुन्या बनियनच्या चिंधीत गुंडाळून.
खाली बागेत ओळीओळीतून शेकोट्या,
घड तडकू नयेत म्हणून
कडलगांचं अख्खं घर धुरात जागं.
वर ही एकटी, बोटभर पोलादाची.
हिला गारठायचंच होतं.

सकाळी निजाम मिस्त्रींनी चुलीवर हंडा चढवला,
आणि पिस्टन तारेला बांधून आत सोडला,
बुडाला टेकू न देता, अंड्यासारखा जपून.
प्रज्योत टॉवेल खांद्यावर टाकून उभा:
"माझ्या आंघोळीचं काय?"
"तुझ्या पणज्याचा ट्रॅक्टर आंघोळीला बसलाय.
त्याची एकतीस वर्षांची राहिलीय. तू थांब."

मी अंबडची, मोजणारी बाई.
कंपनीत आमची खोली कायम वीस अंशांवर,
दार उघडं राहिलं तरी साहेब ओरडतात.
तिथे लोखंड शहाणं असतं,
काल जेवढं होतं तेवढंच आज.
पिशवीतून मायक्रोमीटर काढून मी सांगितलं,
"बारा मायक्रॉन घट्ट आहे."
मिस्त्रींनी पिन दोऱ्याला टांगली,
नखानं टिचकी मारली, कान लावला.
"असेल," म्हणाले.

ढिली बसली तर वाजत राहते,
जबरदस्तीनं बसली तर एक दिवस धरते.
मधे जी जागा आहे ती
उकळत्या पाण्यात आणि पहाटेच्या गारठ्यात
तीन-चार श्वास उघडी असते, बस्स.

त्यांचा उजवा अंगठा श्रावणापासून थरथरतो.
ते बोलले नाहीत त्याबद्दल,
फक्त हातमोजे माझ्याकडे सरकवले.

पिस्टन वर आला, वाफाळत.
कनेक्टिंग रॉडचं डोकं आत, भोकासमोर भोक,
पिनेला तेलाचं बोट.
ढकलली. गेली. अर्धी गेली,
आणि मी, सवयीनं,
सरळ जातेय का बघायला थांबले.

तेवढ्यात धरलं.
अर्धी आत, अर्धी बाहेर, जीभ दाखवावी तशी.
माझा हात आपोआप लाकडी हातोड्याकडे.

"ठोकायचं नाही."

चुलीत एक पळकाठी सारत ते म्हणाले,
"मी ठोकली होती एकदा. चौऱ्याऐंशी साली. घाई होती.
चांदोरीच्या पुलावर इंजिन धरलं,
मागे उसाची ट्रॉली, त्याच्या मागे सगळी दुनिया.
पिस्टन बाहेर काढला तर अंडाकृती.
मालक काही बोलला नाही.
बोलला असता तर बरं झालं असतं."

पुन्हा हंडा. पिनेसकट सगळंच आत.
पाणी आता निळं-जांभळं दिसायला लागलेलं,
प्रज्योत त्यात डोकावून गप्प.

दुसऱ्यांदा मी अंगठा टेकवला
तोच मिस्त्रींनी विचारलं,
"माहेर कुठलं गं तुझं?"
"सिन्न—"
आणि पिन आत.
पलीकडच्या खाचेला जाऊन टेकलीसुद्धा.
सर्क्लिप दोन, टच्, टच्.

मग कळलं.
कासारीण असंच करते.
हाताला साबण लावून गप्पांत ओढते,
आपण नणंदेचं नाव सांगेपर्यंत
बांगडी गाठीवरून उतरून मनगटात.
विचारलं, "तुम्ही कुठे शिकलात हे?"
"आमची अम्मी बांगड्या विकायची, नांदूर शिंगोट्याला.
बाजाराच्या दिवशी मी टोपली धरायचो."

पिस्टन फडक्यावर गार होत राहिला.
अर्ध्या तासानं मी सगळा जीव लावून पिन ढकलून पाहिली.
मोजे काढून, मग दोन्ही अंगठ्यांनी.
हलली नाही.
मायक्रोमीटर पिशवीतच होता,
काढावासा वाटला नाही.

अजून तीन बाकी.
प्रज्योतनं तेच पाणी बादलीत ओतून उरकलं,
आणि दिवसभर, जेवायला बसलो तेव्हाही,
त्याच्या केसांना ट्रॅक्टरचा वास येत होता.