धुवण

जळालेल्या पाच एच.पी. मोटारीची तार उसवून
मी यंत्र बांधलं.
दांडा कुदळीचा, डबा जर्द्याचा,
आवाज कुणाच्या तरी मेलेल्या रेडिओचा.

धान कापून झालेल्या बांध्यांतून महिनाभर फिरलो.
बैलाच्या खुराची पत्री, सोड्याची झाकणं,
ट्रॅक्टरचा नट,
पैंजणातून गळलेला एक घुंगरू, मुका.

मग मोहाखाली, वीतभर खोल,
सहा.
मातीत सहाही सारखीच,
करपलेल्या भाकरीच्या पापुद्र्यासारखी.
यंत्र सगळ्यांना एकच बोललं: टीं.
धातू आहे एवढं त्याला कळतं. कोणता, ते नाही.

कोणता ते रायवंताबाईला कळतं.
तुमसरच्या सराफा ओळीतली नाली
चाळीस वर्षं पहाटे झाडून
गाळ पाटीत भरून नदीवर नेणारी बाई.
काठवटीत पाणी फिरवत
तिनं अख्ख्या तालुक्याच्या फुल्या-मण्यांचा भुगा वेचला.

ओट्यावर गोणपाट अंथरलं. चष्मा नाही.
"पयले घासू नोको," म्हणाली,
"घासलं का सांगनं बंद करते."

हिरव्यावर ओलं बोट चोळलं, नाकाशी नेलं.
"तांबा. ढब्बू." बाजूला.

काळं फरशीवर टाकलं. वाजलं, आणि थांबलं.
"चांदी, पन भेसरीची. लढाईच्या दिसातली.
आयक ना, आवाज लवकर थकते."

पांढुरकं जड होतं. पडलं ते ढेकळासारखं.
माझ्या हिशेबाच्या वहीवर तिनं त्याची कड ओढली,
करडी रेघ उठली,
वायंडिंगच्या उधारीखाली अजून आहे.
"शिसा. लेकराच्या हाती देऊ नोको."

चौथ्याला मीच चुंबक लावला. चिकटलं.
"लोखंड," मी म्हणालो, जरा ऐटीत.
ती हसली.
"लोखंड असतं तं मातीनं कवाच खाल्लं असतं.
निकेल हाय. राजाचं डोस्कं पाय."

पाचव्यावर सगळ्यात जास्त वेळ गेला.
कड तुटलेली, मधे हत्तीच्या सोंडेएवढा उंचवटा,
हत्ती असलाच तर.
तुटल्या जागी नख फिरवलं. आतून राखाडी.
"ना तांबा, ना कथील. सारं एकत्र वितरवलं कोनीतरी.
याले मी नाव नाई ठेवत."
अजब बंगल्यात अशाच एका तुकड्याखाली
मी 'पोटीन' वाचलं होतं. सांगितलं.
पोटीन, ती पुटपुटली,
नव्या सुनेचं नाव तोंडात बसवावं तशी.

आता पिवळं.
ते मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं,
घरी बायकोलाही दाखवलं नव्हतं.

तिनं ते टाकलं नाही, हुंगलं नाही.
नुसतं तळहातावर घेतलं.
"पितर," म्हणाली.
झाडीत आम्ही पितळेला पितरच म्हणतो,
तरी क्षणभर मला कळेना
ती कुणाबद्दल बोलतेय.

"नानं नाई हे. वरतं भोक पाय.
खानीतला बिल्ला."
अंगठ्यानं माती सारली: ३१८.
"मँगनीजच्या खानीत सकारी हा द्याचे, संध्याकारी घ्याचे.
हारपला का त्या दिवसाची हजेरी गेली."
मग, बऱ्याच वेळानं,
"माह्या मायचा दोनशे सोरा होता."

मी विचारलं, काय देऊ?
नाण्यांकडे तिनं पाहिलंही नाही.
गोणपाटाची टोकं उचलली,
नाण्यांवरून झडलेली माती काठवटीत झटकली.
"हे धुवन माह्यं."

मातीच ती, मूठभर, मोहाखालची.
पाणी फिरलं. गढूळ काठावरून सांडत गेलं,
सांडत गेलं,
तळाशी काळ्या रेतीची एक बारीक रेघ उरली.
तिनं काठवट उन्हाकडे तिरपी केली
आणि तशीच धरून ठेवली.
मीही वाकलो.